आत माणूस आहे

पहाटे ३:४५

गजर वाजायच्या आधीच जाग येते. सहाची पाळी असली की चारच्या आत उठावं लागतं, आणि मी उठलो की सगळं घर उठतं. बायको चहाचं आधण ठेवते. मी पायरीवर बसून बूट चढवतो. पुढच्या टोकाला पोलादी वाटी असलेला जड बूट. माझ्या डाव्या हाताला करंगळी नाही, तिच्या शेजारचं बोटही नाही. त्यामुळं नाडीची गाठ मारायला मला दुप्पट वेळ लागतो. ती उभी राहून बघते, पण मदत करत नाही. सुरुवातीला करायची, मीच नको म्हणालो. ज्या हाताला घरी नाडी बांधता येत नाही, त्यानं यार्डात हवेचा पाइप कसा जोडायचा?

मी रेल्वेत पॉइंट्समन आहे. गावात अजून पोर्टर म्हणतात, आणि पोर्टर म्हटलं की लाल डगल्यातला हमाल लोकांच्या डोळ्यांपुढं येतो. माझं काम वेगळं. गाडीला इंजिन लावायचं, काढायचं, उभे डबे साखळी-कुलूप घालून जागेवर बांधायचे, शंटिंगला झेंडी दाखवायची. प्रवाशाला आम्ही दिसतो ते खिडकीतून, क्षणभर.

पहाटे ४:५०

डबा पिशवीत टाकतो आणि मोटारसायकल काढतो. उंब्रजमधून रेल्वे जात नाही. गावातून जातो तो पुणे-बंगळूर महामार्ग. तारळी आमच्या गावापाशी कृष्णेला मिळते आणि रेल्वे कृष्णेच्या पलीकडं, मसूरच्या अंगानं धावते. तारगाव, मसूर, शिरवडे, कराड अशी ती ओळ. माझे वडील याच मार्गावर गँगमन होते. त्यांनी मीटर गेज पाहिलं, ब्रॉड गेज टाकताना घाम गाळला. मी डिझेल पाहिलं, आणि आता डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आहे, शेजारी दुसरा रूळ आहे.

दोन्ही चांगलं झालं. पण काम करणाऱ्याचे कान त्यामुळं फसतात. डिझेल इंजिन लांबून गुरगुरत यायचं, पायाखालची खडी आधी सांगायची. विजेचं इंजिन जवळ येईपर्यंत कळत नाही. आणि एका रुळावरून मालगाडी धडधडत निघाली असेल, तर दुसऱ्या रुळावरची गाडी तिच्याच आवाजात झाकून जाते. जुना माणूस सवयीनं एका गाडीला वाट द्यायला बाजूला सरतो, आणि सरतो तो नेमका दुसऱ्या रुळावर.

पहाटे ५:४५

चार्ज घ्यायची वेळ. रात्रीच्या माणसाचे डोळे तांबारलेले असतात, त्याला घरी जायचं असतं. तरी मी त्याला सोडत नाही. कुठल्या लाइनवर काय उभं आहे, किती हातब्रेक कसलेत, चाकाखाली किती स्किड लावलेत, साखळ्या किती, कुलपं किती. तो तोंडानं सांगतो आणि मी चालत जाऊन प्रत्येक हातब्रेकचं चाक हातानं ओढून बघतो. उभा डबा मला कधीच मेलेला वाटत नाही. भरलेला एक वॅगन ९० टनांच्या घरात जातो. आपल्या डोळ्यांना जमीन सपाट दिसते, पण चाकाला जराही उतार पुरतो.

याच वेळेला मला लासलगाव आठवतं. १३ फेब्रुवारी २०२३. पहाटेचे पावणेसहा. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगाव स्टेशनाजवळ रुळावर काम करणाऱ्या चार ट्रॅकमनना टॉवर वॅगननं चिरडलं. टॉवर वॅगन म्हणजे वरच्या तारांच्या देखभालीची गाडी, रेल्वेची स्वतःची, कामाचीच गाडी. ते चौघेही डबा घेऊन घरून निघालेले असतील. त्यांच्या घरीही कुणीतरी पहाटे आधण ठेवलं असेल.

रेल्वे अपघात म्हटलं की लोकांपुढं येतात टक्कर, रुळावरून घसरलेले डबे, आग. तेच बातमीत येतं आणि आकड्यांतही तेच ठळक असतं. कामावर एकेकटा चिरडला जाणारा माणूस त्या चित्रात बसत नाही. डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय सुरक्षा समितीनं फेब्रुवारी २०१२मध्ये अहवाल दिला, तेव्हा हा हिशेब पुढं आला. २००७-०८पासून पुढच्या चार-पाच वर्षांत रेल्वेचे सुमारे १,६०० कर्मचारी कामावर असताना गेले होते आणि सुमारे ८,७०० जखमी झाले होते. हे आकडे मी एका छापील पत्रकात वाचले. त्या जखमींमधला एक मी होतो.

सकाळी ६:४०

आज खताचा रेक आहे, म्हणजे खतानं भरलेली पुरी मालगाडी. मृग तोंडावर आला, सोसायट्या खताची वाट बघतायत. इंजिन मालधक्क्याच्या लाइनवर रेक ढकलणार, मग सुटून मोकळं होणार.

माझ्या हाताखाली एक पोरगा आहे, चोवीस वर्षांचा, बिहारच्या बेगूसराय जिल्ह्यातला. मला चाचा म्हणतो. मराठी शिकतोय, 'हाय का' आणि 'नाय का' त्याला छान जमतं. त्याला मी पहिल्या दिवशी दोनच शब्द शिकवले, आत आणि बाहेर. दोन गाड्यांच्या मध्ये शिरायच्या आधी मोठ्यानं म्हणायचं, "आत." निघालास, अंग पूर्ण बाहेर आलं, पाय रुळाच्या बाहेर टेकले, की मोठ्यानं म्हणायचं, "बाहेर." हे शब्द कुठल्या पुस्तकात नाहीत, पण पुस्तकात जे आहे ते पाळण्यासाठीच हे आहेत.

पुस्तकातले नियम चांगले आहेत. शंटिंगचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर जाता कामा नये, स्फोटक माल असेल तर ८. डबा जोडायला येणारं इंजिन आधी थोड्या अंतरावर पूर्ण उभं करायचं, मग चालत्या माणसाच्या गतीनं पुढं घ्यायचं. सावकाश ये, जोडायचं आहे, असं सांगायला दोन्ही हात डोक्यावर उंच करायचे आणि एकमेकांजवळ आणायचे, लांब न्यायचे. रात्री हिरवा दिवा डोक्यावर धरून मनगट फिरवायचं. माझे हात वर गेले की ड्रायव्हरला आठ बोटं दिसतात. जुन्या ड्रायव्हरांपैकी एकजण म्हणतो, "आबा, तुमचे हात बघितले की माझा पाय आपोआप जड होतो." ड्रायव्हरचा ब्रेक हातात असतो, पण तो काय म्हणतो ते मला कळतं.

मालगाडीच्या वॅगनला आता मधोमध पंजासारखं कपलिंग असतं. धडक बसली की ते आपोआप अडकतं, आणि सोडवायला बाजूनं दांडा उचलता येतो. ही मोठी सुधारणा आहे. पण हवेचा पाइप आपोआप जोडला जात नाही. ब्रेकची हवा ज्या रबरी नळीतून जाते ती माणसानं आत वाकूनच जोडावी लागते आणि आत वाकूनच सोडावी लागते. आत ५ किलोचा दाब असतो. दोन्हीकडचे अँगल कॉक बंद न करता नळी सोडली, तर ती सापासारखी उसळते. त्या नळीच्या टोकाला लोखंडी तोंड असतं. ते कुठं बसेल याचा भरवसा नाही. गुडघ्यावर, तोंडावर, डोळ्यावर.

पोरगा शिरतो. "आत." मी लाल झेंडी उघडी धरून ड्रायव्हरच्या नजरेत उभा राहतो. वॅगनच्या तळाशी त्याची पाठ दिसते, केशरी जाकिटावरची चंदेरी पट्टी दिसते. कॉक फिरल्याचा किरकिर आवाज, मग उरलेल्या हवेचा फुस्स. मी श्वास मोजत असतो. ही माझी जुनी खोड. चौदाव्या श्वासाला आवाज येतो, "बाहेर." मग झेंडी खाली.

सकाळी ८:३०

चहा येतो. पोरगा माझ्या हाताकडं बघतो आणि नजर फिरवतो. त्यानं अजून विचारलेलं नाही. एक दिवस विचारेल, तेव्हा सांगेन ते असं.

साल २००८, आषाढ. तेव्हा मी दुसरीकडं होतो. त्या यार्डाचं नाव घेत नाही. बारा तासांची पाळी होती आणि अकरावा तास चालू होता. तीन माणसांचं काम दोघं करत होतो, कारण तिसरा आजारी होता आणि बदली आला नव्हता. सवारी गाडीच्या जुन्या डब्यांना तेव्हा स्क्रू कपलिंग असायचं. बाजूला दोन बफर आणि मध्ये जाड लोखंडी कडी. ती दोन्ही हातांनी उचलून समोरच्या हुकात टाकायची, मग दांडा फिरवून कसायची. पाऊस लागला होता आणि कडी बुळबुळीत झाली होती. इंजिन टेकलं, मी शिरलो, कडी उचलली. पण बफर दबून परत फुगले आणि डबा हातभर मागं सरला. तेवढ्यात कडी हुकावर आपटली. माझी बोटं मध्ये होती.

दुखलं नाही. हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. आधी गार वाटलं. मग हातमोज्यातून पावसाचं पाणी लाल होऊन गळताना दिसलं.

एक बोट तिथंच तुटलं होतं, दुसरं कातडीला लोंबत होतं. कुणीतरी धावत जाऊन बर्फ आणला, तुटलेलं बोट थेट त्या बर्फात ठेवलं आणि गाडी काढली. त्यानं जिवाच्या आकांतानं केलं, त्याला दोष नाही, कारण आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. बोट थेट बर्फाला लागलं की त्याचं मांस गोठून मरतं. तुटलेला अवयव स्वच्छ पाण्यानं हलका धुवायचा, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. जखमेवर कापड दाबून धरायचं, हात वर ठेवायचा. हे मी मागून एका डॉक्टरांकडून शिकलो. आता आमच्या खोलीतल्या पेटीवर मी ते माझ्या हातानं लिहून डकवलंय. स्वच्छ फडकं आणि दोन पिशव्या त्यात कायम असतात.

दोन महिने आयओडीवर होतो. म्हणजे कामावर असताना जखमी. रजा मिळाली, पगार मिळाला, भरपाईही मिळाली. मग चौकशीचा कागद आला. कारण या रकान्यात एकच ओळ होती, कर्मचाऱ्याचा स्वतःचा निष्काळजीपणा.

त्यात अकरावा तास नव्हता, गैरहजर तिसरा माणूस नव्हता, पाऊसही नव्हता. ज्यांनी लिहिलं ते दुष्ट नव्हते. एक शब्द सापडला की कागद पुरा होतो, आणि कागद पुरा झाला की पुढं कुणी काही विचारत नाही. ती ओळ वाचली तेव्हा मी रडलो. बोटं गेली तेव्हा रडलो नव्हतो.

सकाळी १०:१५

मालधक्क्यावर आता चाळीसेक माणसं आहेत. ट्रक उलटे लागलेत. वॅगनचा दरवाजा उघडणं हीच पहिली जोखीम. प्रवासात गोण्यांची थप्पी सरकून दरवाजाला रेललेली असते. कडी काढली की दरवाजा आणि थप्पी दोन्ही अंगावर. म्हणून जुना हमाल दरवाजासमोर कधीच उभा राहत नाही, बाजूला उभा राहून पहारीनं कडी उडवतो. युरियाची गोणी ४५ किलोची, बाकीचं खत ५० किलोचं. पाठीवर एक, पुन्हा एक, दिवसभर.

यांच्यात पाटणकडची माणसं बरीच. त्यांच्या बसायच्या जागी भिंतीवर अण्णासाहेब पाटलांचा फोटो आहे, त्याला हार आहे. अण्णासाहेब पाटण तालुक्यातलेच. मुंबईत पाठीवर ओझं वाहणाऱ्या आपल्या माणसांना त्यांनी एकत्र केलं आणि त्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला. ज्याला मालक कोण हेच ठाऊक नव्हतं, त्या हमालाचं नाव मंडळाच्या वहीत चढलं. सातारा जिल्ह्यातल्या किती घरांच्या भिंती त्या कायद्यावर उभ्या राहिल्या, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी दर खेपेला मुकादमाला विचारतो, "किती जण आत?"

"वॅगनमधी बारा, धक्क्यावर बाकीचं."

आकडा मी हातावर लिहून घेतो. डबे हलवायची वेळ आली की तेवढे बारा मोजून बाहेर काढायचे, मगच इंजिनाला हिरवी. एखादा गोण्यांच्या आडोशाला डुलकी काढत असतो. त्याला उठवायला मी स्वतः चढतो. छपरावर मात्र कुणालाही चढू देत नाही. वर तार आहे. २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागावाच असं नाही. माणूस नुसता जवळ गेला तरी ती ओढून घेते. आमच्या पिढीतल्या हमालांना बिनतारेच्या छपराची सवय होती. ती सवय मोडायला मला रोज ओरडावं लागतं.

दुपारी १२:१०

रूळ तापलाय. हात लावला तर चटका बसतो. खोलीत भाकरी सोडतो, खर्डा आणि दही. पोरग्यानं चपात्या आणल्यात. माझ्यातली अर्धी भाकरी त्याला देतो.

आज त्यानं विचारलं. मी सांगितलं ते तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "चाचा, मेरी माँ को मत बताना के मैं यही काम करता हूँ."

त्याच्या आईनं ९ नोव्हेंबर २०२४ला त्याला सात वेळा फोन केला होता. त्या सकाळी बरौनी जंक्शनवर लखनऊहून आलेल्या गाडीचं इंजिन सोडवताना एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डब्याच्या बफरमध्ये चिरडून गेला. बरौनी त्यांच्याच जिल्ह्यात. तो फोटो देशभर फिरला. बफरमध्ये उभाच अडकलेला माणूस. याच्या आईनं तो फोटो शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाहिला आणि मुलाचा आवाज ऐकेपर्यंत पाणी प्यायली नाही. मुलगा इकडं पाळीवर होता, फोन पेटीत होता.

मी त्याला एक जुनी हकीगत सांगितली. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत डबे जोडायला माणसाला मध्ये उभं राहून लोखंडी खिळा घालावा लागायचा. नोकरी मागायला आलेल्याच्या हाताला बोटं कमी दिसली की मुकादम ओळखायचा, हा अनुभवी आहे. एली जेनी नावाच्या माणसानं १८७३मध्ये आपोआप अडकणाऱ्या कपलिंगचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे उपाय हाताशी होता. पण तो बसवायला पैसे लागतात, म्हणून वीस वर्षं बोटं जात राहिली. लोरेंझो कॉफिन नावाचा एक माणूस या एका गोष्टीसाठी वर्षानुवर्षं झगडला, तेव्हा १८९३मध्ये कायदा झाला आणि कंपन्यांना ते बसवावं लागलं. कायदा झाल्यावर अपघात घटले. माणसं एकाएकी सावध झाली म्हणून ते घटले नाहीत. हात मध्ये घालायची गरज कमी झाली, म्हणून घटले.

आमच्याकडचा १९२३चा भरपाईचा कायदाही मी त्याला सांगितला, माझा हिशेब त्याच कायद्यानं झाला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाचा टक्का लिहिलेला होता. अंगठा गेला तर ३०. एका हाताची चार बोटं गेली तर ५०, तीन गेली तर ३०, दोन गेली तर २०. माझे २०. टक्के वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याच कायद्यात एक गोष्ट माणुसकीची होती. माणूस दारू पिऊन असेल, किंवा त्यानं सुरक्षेचा हुकूम जाणूनबुजून मोडला असेल, तर मालक भरपाई नाकारू शकत होता. नुसत्या हयगयीसाठी नाकारता येत नव्हती. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर ही कारणंही चालत नव्हती. कायदा करणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं की थकलेला माणूस चुकणारच. चौकशीचा रकाना भरणाऱ्यानं ते अजून ओळखायचं आहे.

दुपारी १:२२

सवारी गाडी यायची आहे. डबे हलवायला पुन्हा लावलेलं इंजिन रेकपासून सोडवून दुसऱ्या टोकाला न्यायचं आहे, नाहीतर सवारी बाहेर सिग्नलला उभी राहील. स्टेशन मास्तरांचा आवाज वॉकीटॉकीवर दुसऱ्यांदा आला, "किती वेळ अजून?"

पोरगा म्हणाला, "आत," आणि शिरला. कपलिंग ताणाखाली होतं. अशा वेळी दांडा उचलत नाही. इंजिनानं वीतभर मागं दाबलं की कपलिंग सैल पडतं. पण त्याआधी नळ्या सोडवून माणूस बाहेर यायला हवा. मी झेंडी धरून उभा होतो. एवढ्यात वॉकीटॉकीवर दोन आवाज एकात एक मिसळले. मालधक्क्याकडून कुणीतरी ट्रकवाल्याला ओरडत होतं, "मागं घे, मागं!" बटण कुणाचं तरी दाबलेलं राहिलं होतं. ड्रायव्हरला ऐकू गेलं ते एवढंच, "मागं घे."

इंजिनाचा ब्रेक सुटल्याचा आवाज मी ओळखतो. मी ओरडलो नाही. ओरडण्यात वेळ जातो. दोन्ही हात वर करून लाल झेंडी जिवाच्या करारानं हलवली आणि इंजिनाच्या तोंडापुढं, त्याला दिसेन असा धावलो. इंजिन वीतभर हललं आणि थांबलं. कपलिंगचा पंजा खणकन वाजला.

मी खाली वाकलो. पोरगा दोन्ही गुडघ्यांवर, डोकं कपलिंगच्या खाली, हात छातीशी. नळी सोडवायला तो खाली बसला होता. उभा राहून वाकला असता, तर काय झालं असतं ते मी इथं लिहीत नाही.

"बाहेर ये."

तो आला. त्याच्या ओठांचा रंग गेला होता. मी त्याला वॅगनच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. ड्रायव्हर खाली उतरून आला, त्याचेही हात कापत होते. त्याची चूक नव्हती. मी मास्तरांना वॉकीटॉकीवर सांगितलं, "साहेब, शंटिंग बंद केलंय. सगळं पहिल्यापासून करणार."

"अहो, सवारी होम सिग्नलला येईल!"

"येऊ द्या, साहेब."

मालधक्क्यावरची वॉकीटॉकी बंद करवली. इंजिनाचे ब्रेक पुन्हा लावून घेतले. ड्रायव्हरशी समोरासमोर ठरवलं की आता माझ्या झेंडीशिवाय, फक्त आवाजावर, काहीही हलवायचं नाही. मग या खेपेला मी आत गेलो. मीच ओरडलो, "आत." बाहेर पोरगा झेंडी धरून उभा होता. नळ्या सोडवल्या. "बाहेर." मग दाबलं, दांडा उचलला, इंजिन सुटलं. अकरा मिनिटं गेली. सवारी गाडी नऊ मिनिटं बाहेर उभी राहिली.

दुपारी २:००

चार्ज देताना मास्तर म्हणाले, "आबा, तुमचं बरोबर होतं. पण वर विचारतील. उद्या सकाळी लेखी खुलासा द्या." ते माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांनाही वरून फोन येतो. मिनिटांचा हिशेब प्रत्येकाला आपल्या वरच्याला द्यावा लागतो. फक्त सगळ्यात खाली, बफरच्या मध्ये, हिशेब मिनिटांत होत नाही.

दुपारी ४:३०

घरी जायच्या आधी तारळीकाठच्या एका वाडीत थांबलो. माझा जुना जोडीदार तिथं राहतो. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. एका गाडीला वाट द्यायला तो दुसऱ्या रुळावर सरला होता. पुण्याला वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्याला पाय बसवला. लष्करानं १९४४मध्ये सुरू केलेलं ते केंद्र. त्या पायानं तो शेताच्या बांधावर जातो, गायीची धार काढतो. नोकरी गेली नाही. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढायचं नाही, हुद्दाही उतरवायचा नाही, जमेल अशी दुसरी जागा त्याच पगारावर द्यायची, हे १९९५च्या कायद्यात होतं आणि २०१६च्या कायद्यातही आहे. निवृत्तीपर्यंत त्यानं कचेरीत फायली हलवल्या.

"पगार तोच व्हता रं," तो म्हणाला, "पर झेंडी हातातनं गेली."

रात्री अजून त्याच्या नसलेल्या पायाची टाच खाजते. उठून बसतो, हात खाली नेतो, तिथं चादर असते. त्याची बायको म्हणाली, "भावजी, अशा वेळी मी दिवा लावत्ये आन त्यांच्याशी बोलत बसत्ये. खाज जाईस्तवर." किती वर्षं झाली हे तिनं मोजलेलं नाही.

मी दुपारचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग एकच म्हणाला, "अकरा मिंटं? आपल्या टायमाला कुणी एक दिलं नसतं."

रात्री ८:५५

जेवण झालं. पोरग्याचा फोन आला, आईशी बोललो म्हणाला, दुपारचं सांगितलं नाही. मी म्हणालो, झोप.

ही वेळही मला ठाऊक आहे. २२ जानेवारी २०२४, रात्री नऊच्या सुमाराला, वसई रोड आणि नायगावच्या मध्ये बिघडलेला पॉइंट बघायला गेलेले सिग्नल खात्याचे तिघं लोकलखाली गेले. बिघाड झाला होता, गाड्या खोळंबल्या असत्या, म्हणून ते अंधारात रुळावर उतरले होते. पहाटे पावणेसहा असो की रात्रीचे नऊ, घाई तीच असते.

बायकोनं वही आणि पेन पुढं ठेवलं. खुलासा लिहायचा आहे. २००८मध्ये माझ्याबद्दल दुसऱ्यानं लिहिलं होतं. आज मी लिहितोय. दोन कागद फाडले. पहिल्यात मी माफी मागितली होती, दुसऱ्यात राग काढला होता. तिसऱ्यात जे झालं तेवढंच लिहिलं:

"दिनांक आजचा, वेळ १३:२२ ते १३:३३. वॉकीटॉकीवर दोन आवाज एकत्र आल्यानं इंजिन हललं. मी शंटिंग थांबवलं आणि पहिल्यापासून केलं. त्यामुळं सवारी गाडीला ९ मिनिटं उशीर झाला. उशिराचं कारण: आत माणूस होता. पुढच्या वेळीही मी असंच करीन. मालधक्क्यावरच्या वॉकीटॉकीला वेगळी वाहिनी द्यावी आणि पाळीवर तिसरा माणूस द्यावा, ही विनंती."

बायकोनं वाचलं. म्हणाली, "शेवटचं विनंती कशाला? तसंच लिवा की, द्यावा म्हणून."

मी विनंती खोडली. सही केली. गजर पावणेचारचा लावला.